भर दुपारची शोकांतिका

आमच्या गावानं भैरोबाच्या जत्रेत आजवर जी नाटकं केली, त्या सगळ्यांच्या शेवटी लग्न लागत आलं आहे. लग्न लागलं की वाजंत्री वाजते, वाजंत्री वाजली की लोक उठतात आणि भज्यांच्या पालाकडं चालू लागतात. यंदा नाटकाच्या शेवटी माणूस मरेल आणि लोक भजी विसरून गप्प घरी जातील, असं मी आणीबाणीच्या त्या वर्षी, दिवाळीला गावी गेलो असताना, पारावर बसून जाहीर करून टाकलं. मी सांगलीला एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. हेडक्लार्कनं एकदा जाहीर केलेली गोष्ट फक्त वरच्या साहेबाला मागं घेता येते, आणि पारावर वरचा साहेब कोणी नव्हता. त्यामुळं ती गोष्ट तशीच राहिली.

नाटक कुठलं, तेही मनात पक्कं होतं. 'बुरुजाचा धनी' नावाचं जुनं, आमच्या आज्यांच्या काळातलं नाटक. लहानपणी सांगलीत वडलांच्या शेजारी बसून मी ते पाहिलं होतं. गोष्ट दोन भावांची. गडाला वेढा पडलेला, धान्य संपलेलं. थोरला रायाजी म्हणतो, मरत्या बापाला शब्द दिलाय, बुरूज सोडणार नाही. धाकटा मानाजी म्हणतो, शब्द तू दिलास, गडावरच्या पोराबाळांनी कुठं दिलाय? दोघं तीन अंक भांडतात. शेवटी मानाजी माणसं बाहेर काढायला दिंडीदरवाजा उघडतो, त्याच दरवाजातून शत्रू आत येतो आणि रायाजी बुरुजावर पडतो. ही बातमी आईला सांगायची पाळी मानाजीवरच येते. तो सांगतो. आई विलाप करते. पडदा.

त्या खेळानंतर परत येताना वडील गाडीत एक शब्द बोलले नव्हते. तेव्हापासून मला बुरुजावर पडून मरायचं होतं. आमच्या कचेरीत कुणाला बदली हवी असे, कुणाला बढती हवी असे. फायलींवर शेरे मारताना मला मात्र मधूनच बुरूज दिसायचा, छातीत भाला घुसायचा आणि मी टेबलावर हात टेकून सावकाश डोळे मिटायचो. साहेबांनी एकदा याबद्दल लेखी विचारणाही केली होती.

पण मांडव दिला लालासाहेबांनी, म्हणून रायाजी झाले लालासाहेब.

लालासाहेब आमच्याकडचे मोठे ऊसवाले, सोसायटीचे चेअरमन. गावातला सगळ्यात मऊ माणूस. वाटेत बैल आडवा आला तर त्यालाही ते 'जरा सरकतोस का रं' असं विचारायचे. आयुष्यात त्यांचं कुणाशी वाजलेलं नव्हतं. आणि मी, छताच्या पंख्याखाली कुणाचं टेबल असावं यावरून अख्ख्या कचेरीशी अबोला धरलेला मनुष्य, मला मिळाला मानाजी, म्हणजे समजूतदार, नमतं घेणारा, तडजोडवाला. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आमच्या बायकोनं, शालननं, भाकरी उलटत विचारलं, "तालमीपुरतंच का होईना, नमतं घेणार ना?" नमतं घेण्याची सुरुवात घरापासून करणं मला पसंत नव्हतं.

आमच्या सांगलीच्या वसाहतीत नाटकाची बातमी पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी नळावर दोन पक्ष पडले. एक रायाजीचा, एक मानाजीचा. शालन मानाजीची. तिचं म्हणणं, गडावरच्या बायकांनी चूल कशावर पेटवायची हे तुमच्या रायाजीनं कुठल्या प्रवेशात सांगितलंय ते दाखवा. मी संहिता चाळली. खरंच कुठं सांगितलेलं नव्हतं. आमचे शेजारी गुंडाप्पा कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते कट्टर रायाजीवाले. दिलेल्या शब्दाला न जागणाऱ्या माणसाला ते पाना सुद्धा उसना देत नसत. त्यांनी मला उभ्या उभ्या तलवार करून द्यायचा शब्द दिला, आणि लाकडाची करा म्हटल्यावर दुखावले. ट्रकच्या पाट्याचं पोलाद ठोकून त्यांनी जी तलवार केली ती दोघांनी मिळून रिक्षात चढवावी लागली. नमस्कार करून ते म्हणाले, आमच्याकडं खोटं काम होत नाही. मग जाता जाता सल्ला दिला, की शेवट तेवढा गोड करा, जत्रेत माणूस मारू नये.

हा सल्ला मला त्या दोन महिन्यांत इतक्यांनी दिला की शेवटी शेवटी दूधवाला तोंड उघडायच्या आधीच मी 'माणूस मरणारच' असं सांगून बरणी पुढं करू लागलो.

आता परवानगीचं. ते दिवसच असे होते की चार माणसं जमायची तर कागद लागायचा, आणि नाटकाला तर चारशे जमणार. मी स्वतः सरकारी माणूस, त्यामुळं सरकारी कामाची मला भीती नव्हती. ती असायला हवी होती हे नंतर कळलं. कुठल्या कचेरीत गेलो ते सांगत नाही. सगळ्या एकाच सुताराच्या टेबलांनी भरलेल्या असतात. तिथल्या कारकुनानं संहिता उलटसुलट पाहिली आणि एक छापील फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता, नायक आणि खलनायक यांची नावं लिहा. मी नायकासमोर रायाजी आणि मानाजी अशी दोन्ही नावं लिहिली आणि पुढची जागा कोरी ठेवली.

कोरी जागा पाहून त्याचा चेहरा उतरला. मी त्याला समजावून सांगितलं, की या नाटकात खलनायक नाही. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत, दोघांचं आईवर सारखंच प्रेम आहे, आणि तरीही घात होतो, म्हणून तर ही शोकांतिका. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, की हे सगळं ठीक आहे, पण माणूस मेला म्हणजे कुणीतरी जबाबदार असणारच, आणि कोऱ्या रकान्यावर साहेब सही करत नाहीत. हेडक्लार्क या नात्यानं मला त्याचं म्हणणं पटलं, हेच माझं दुर्दैव. कोऱ्या रकान्यावर मीही कधी सही होऊ दिली नसती. शेवटी दरवाजा कुणी उघडला, एवढंच त्यानं विचारलं आणि स्वतःच्या हातानं लिहून टाकलं: खलनायक, मानाजी. पुढं कंसात, भूमिका करणार, अर्जदार स्वतः.

परवाना हातात पडला तेव्हा जत्रा तोंडावर आली होती. एसटीत बसून मी तो वाचला. खेळाची वेळ 'रात्री'च्या ऐवजी 'दुपारी' अशी टाईप झालेली होती. मी तसाच उतरून परत गेलो. दुरुस्ती होईल, पण नव्यानं अर्ज करावा लागेल, असं सांगण्यात आलं. आणि नव्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत भैरोबाची पालखी देवळात जाऊन झोपलेली असणार. अशा रीतीनं, ज्या नाटकातलं पहिलंच वाक्य 'काय ही काळीकुट्ट रात्र' असं आहे, ते भर दुपारी करायचं ठरलं.

तालमी चालायच्या सोसायटीच्या गोदामात, दर रविवारी. तिथं खताची पोती रचलेली असत. रायाजीची प्रतिज्ञा, मानाजीची विनवणी, सेनापतीचं आव्हान, सगळं शिंकत शिंकत चालायचं. लालासाहेबांना राग येत नसे हा पहिला प्रश्न. 'फितुरा, तुझी जीभ छाटून टाकीन' हे वाक्य ते असं म्हणायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं चहात साखर किती घालू म्हणून विचारताहेत. मी त्यांना राग कसा येतो ते करून दाखवायचो. गावकरी म्हणायचे, भाऊसो, तुमीच जास्त चिडताय, तुमी तर गरीब भाऊ न्हवं का? (गावात मला भाऊसो म्हणतात.) मी मग गरीब व्हायचो. अशानं हळूहळू लालासाहेब माझ्यावर थोडे खेकसू लागले आणि मी, आश्चर्य म्हणजे, थोडा ऐकून घेऊ लागलो. शालन म्हणाली, जत्रा दर महिन्याला असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी साळूआक्का आली.

आक्काचं आणि आमचं गावातलं घर एका भिंतीचं. तिचा एकुलता एक मुलगा आकाराम पलटणीत होता. एकाहत्तरच्या लढाईत आमच्या गावची बरीच पोरं होती. लढाई संपल्यावर ती एकेक करून आली, एकाचा पाय गेला तोही आला. आकारामाचं तेवढं 'मिसिंग' म्हणून कळवलं. तो इंग्रजी शब्द तेव्हापासून आमच्या गावात सगळ्यांना येतो. त्याचं लग्न ठरवायचं चाललेलं, तेही तिथंच थांबलं. आक्कानं नंतर ना कुंकवाचं बोट कुणाच्या सुनेला लावलं, ना कुणाच्या दुखवट्याला गेली. दोन्हीकडं तिला कसं बोलवावं हे लोकांना कळेना, म्हणून बोलावणंच बंद झालं.

ती आली आणि खताच्या पोत्यावर बसली. हातात शेंगांचं सूप. तालीम बघत शेंगा फोडत राहिली. आम्ही तीन अंक नीट केले, आणि मानाजी आईला बातमी सांगायला निघाला, तिथं लालासाहेबांना एकदम उसाला पाणी सोडायची आठवण झाली. पुढच्या रविवारी आक्का पुन्हा आली. त्या दिवशी तो प्रवेश आला तेव्हा कंदिलातलं तेल संपलं, दिवसाउजेडी. त्याच्या पुढच्या रविवारी सेनापतीच्या पोटात दुखू लागलं. आक्का काही बोलत नसे. आम्ही उठलो की सूप उचलून जायची आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

शेवटचा प्रवेश त्यामुळं बसलाच नाही. जत्रेच्या आदल्या रविवारी आक्का गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि मंडळींना स्पष्ट विचारलं, की हे काय चाललंय? कुणी वर बघेना. मग लालासाहेब म्हणाले, शेवट बदला. रायाजी नुसता जखमी होऊ दे.

मी चिडलो. शोकांतिका म्हणजे काय, रंगभूमी म्हणजे काय, सांगलीची परंपरा म्हणजे काय, असं बरंच बोललो. त्यातलं निम्मं मला आता आठवत नाही आणि तेव्हाही कळत नव्हतं. माझ्या लेखी त्या प्रवेशासाठीच सगळा खटाटोप होता. मरण माझ्याकडून काढून घेतलं होतं, आता मरणाची बातमीही काढून घेत होते. आपण कोण, आपला हुद्दा काय, आणि ही माणसं आपल्याला नाटक शिकवताहेत, अशा थराला मी गेलो.

लालासाहेब सगळं ऐकून उभे राहिले. त्यांच्या तोंडून राग यावा म्हणून मी दोन महिने धडपडत होतो, तो तेव्हा पहिल्यांदा आला, आवाज न चढवता.

"भाऊसो, आक्का म्होरं बसलेली असताना मी मरनार न्हाई. तुला मराय कुनी दुसरा गावला तर बघ."

मी नमतं घेतलं. तालमीचा परिणाम असावा. रात्रभर कातावून मी नवं वाक्य लिहिलं: 'आईसाहेब, दादा जखमी आहेत. वैद्य म्हणतात, बरे होतील.' वेढ्यातल्या गडावर वैद्य कुठून आला, हे कृपा करून विचारू नका.

जत्रेच्या दिवशी ऊन असं पडलं होतं की मांडवाच्या कापडातून नाकावर चटका बसत होता. माणसं डोक्यावर टॉवेल टाकून बसली. बायकांच्या बाजूला, पुढून दुसऱ्या ओळीत, आक्का. शालन मुद्दाम तिच्याशेजारी जाऊन बसली. बंदोबस्ताला आलेल्या हवालदारानं परवाना मागितला, वाचला आणि मला विचारलं, खलनायक तुम्हीच का? मी होय म्हणालो. सरकारी कागदावर असलेलं नाकारण्याची मला सवय नाही. त्यानं मग आपली खुर्ची विंगेत, माझ्या अगदी जवळ आणून ठेवली.

आईच्या कामाला मिरजेहून बनुबाई यायच्या होत्या. जत्रांतल्या नाटकांत आईचं काम करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. तालमीला बोलावलं तेव्हा त्यांनी निरोप पाठवला होता, की मला तालीम लागत नाही, तुम्ही बातमी आणा, मी रडते. त्यांची एसटी तासगावला बंद पडली. त्या पोचल्या तेव्हा पहिला अंक सुरू झाला होता. तोंडाला रंग लावत लावतच त्या रंगमंचावर गेल्या, आणि शेवट बदलल्याचं त्यांना सांगायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल.

'काय ही काळीकुट्ट रात्र' असं मी म्हणालो तेव्हा घाम डोळ्यांत गेला होता, त्यामुळं निदान मला तरी ते खरं वाटलं. मागून कुणीतरी म्हणालं, चांद लय तापलाय आज. मशालीची ज्योत उन्हात दिसेना, म्हणून ती विझली असं समजून पहारेकऱ्यानं ती दोनदा पेटवली आणि दुसऱ्यांदा पडद्याची किनार जळाली. लालासाहेबांनी गुंडाप्पांची तलवार दोन्ही हातांनी उपसली. ती परत म्यानात घालणं काही जमेना, म्हणून पुढचा अख्खा अंक ते तिच्यावर टेकून, काठीवर टेकल्यासारखे, बोलत राहिले. भोंगेवाल्यानं मधेच कुणाचं तरी पायताण सापडल्याचं जाहीर केलं. आणि तरीही सांगतो, दोघं भाऊ समोरासमोर आले तो प्रवेश रंगला. मी हात जोडून म्हणत होतो, दादा, माणसं जगू दे. लालासाहेब माझ्याकडं बघत होते, आणि त्यांना आतून वाटत होतं की हा म्हणतोय तेच खरं. वाक्य मात्र उलटं म्हणायचं होतं. ती ओढाताण त्यांच्या तोंडावर दिसली. मांडव गप्प झाला. भज्यांच्या पालावरची माणसं येऊन कडेला उभी राहिली. वडील जे पाहून गाडीत गप्प बसले होते ते आता येतंय, असं मला वाटलं.

मग बुरूज झाला. लालासाहेब पडले, आणि ठरल्याप्रमाणं एक हात हलवत राहिले, आपण जिवंत आहोत हे आक्काला दिसावं म्हणून.

मी आईसाहेबांसमोर गुडघे टेकले आणि म्हणालो, "आईसाहेब, दादा जखमी आहेत. वैद्य म्हणतात, बरे होतील."

बनुबाई शब्द ऐकत नव्हत्या. इतकी वर्षं हेच काम केल्यावर त्या फक्त समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत. माझं संपलं आणि त्यांनी टाहो फोडला. काय तो विलाप. मिरजेहून त्याचेच पैसे देऊन बाईंना आणलेलं. 'माझा वाघ गेला, माझ्या कुशीचा दिवा गेला.' पुढच्या ओळीतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, अगं बाई, जखमीच हाय त्यो, बरा हुतोय. मी पुन्हा, आवाज चढवून, वैद्यांचा निर्वाळा दिला. बनुबाईंनी तो बाजूला सारला आणि कपाळ बडवून घेऊ लागल्या. हवालदार माझ्याकडं संशयानं बघू लागला.

आता हे कुणीतरी थांबवायला हवं होतं, आणि लालासाहेबांचं मन मऊ. त्यांनी आत जाऊन डोक्याला टॉवेल गुंडाळला, त्यावर कुंकू ओतलं आणि ते तलवार ओढत रंगमंचावर आले.

"आई, रडू नगं," ते म्हणाले. "मी आलोय."

बनुबाईंच्या उभ्या आयुष्यात मेलेला मुलगा कधी परत आला नव्हता. त्या दोन पावलं मागं सरकल्या आणि सिंहासनावर बसल्या. सिंहासन म्हणजे सोसायटीची घडीची खुर्ची. ती मिटली, बाईंना घेऊन. सगळा मांडव हसला. चारशे माणसं पोट धरून हसत होती. हवालदार हसला. पडदा ओढायचा तो माणूस हसण्यात दोरी विसरला. बुरुजाचा धनी वाकून आईसाहेबांना खुर्चीतून सोडवू लागला, तसं आणखी हसू उसळलं.

मी आक्काकडं बघितलं. लालासाहेब 'मी आलोय' म्हणाले तेव्हाच ती उठून उभी राहिली होती. आजूबाजूच्या बायका डोळे पुसत हसत होत्या. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली, मग पदर डोक्यावर ओढून, बसलेल्या बायकांतून वाट काढत निघून गेली. शालन तिच्या मागं दोन पावलं गेली आणि थांबली.

संध्याकाळी गावानं माझा सत्कार केला. असलं नाटक गावात झालं नाही, पुढच्या साली असलंच बसवा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. नारळ घेताना मी हसलो म्हणतात. सकाळी माझी पिशवी भरून देताना शालन म्हणाली, "यस्टीला जायच्या आधी आक्काकडं जाऊन या. मी आणि सामान नंतरच्या गाडीनं येतो."

आक्का दारातल्या पायरीवर ज्वारी पाखडत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं, की काल सगळा घोटाळा झाला, तुला वाईट वाटलं असेल, आम्ही तुझ्यासाठीच शेवट बदलला होता.

तिनं सूप खाली ठेवलं.

"माझ्यासाठी कशाला बदललासा? मी त्याच्यासाठीच येत हुते की रं दर ऐतवारी. आन तुमी दर येळी तितंच उठायचा."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"भाऊसो, माझ्याम्होरं कुनी शेवटपातूर बोलतच न्हाई," ती म्हणाली. "मी आले की गप हुत्यात. पलटणीचा सायब आला त्यो बी निम्मंच बोलला. मिसिंग म्हंजी हाय का न्हाई, त्ये कुनी सांगंना. आईला कसं सांगत्यात, त्ये मला एकदा ऐकायचं हुतं. खरं काय हाय त्या नाटकात?"

मी म्हणालो, "आक्का, नको."

"सांग."

मी पिशवी खाली ठेवली. ज्या वाक्यांसाठी मी इतकी वर्षं झुरलो होतो, ती मला पाठ होती. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं होतं. तोंड उघडलं तर त्यातलं काहीच येईना. हातवारे करायचे म्हणून हात उचलला तो तसाच खाली आला. मग मी नुसता पोरासारखा उभा राहून, ओळ म्हणून दाखवावी तसं म्हणालो, "आईसाहेब, दरवाजा मी उघडला. दादा बुरुजावर एकटे होते. मी हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मग ते पडले. तुमचा रायाजी आता येणार नाही."

आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. ज्वारीवर दोन चिमण्या आल्या, तिनं त्या हाकलल्या नाहीत. मग तिनं विचारलं, "त्यानं सोता बघितलं हुतं? धाकट्यानं? डोळ्यांनी?"

"होय. नाटकात त्यानं बघितलेलं असतं."

"मग बराबर हाय," ती म्हणाली. "ज्यानं बघितलं त्यानं यून सांगावं. म्हंजी आईनं रडावं. माझ्याकडं बघितलेला कोन आलाच न्हाई अजून."

तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. उठून आत गेली, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आली. मी पाणी प्यालो. एव्हाना माझी एसटी निघून गेली होती. आक्का म्हणाली, आता कुंडलची गाडी यील, बस.

आम्ही पायरीवर बसलो. समोर सडक होती, ती उसाच्या रानातून वळून यायची. कचेरीत उशिरा गेल्यावर काय सांगायचं ते मी मनात जुळवत होतो. आक्का मधेच म्हणाली, की आकारामाला गूळ चालायचा नाही, साखर लागायची, लहानपणापासून. मी हो म्हणालो.

लांब वळणावर धुरळा उठला. मी पिशवी उचलली आणि उठलो. आक्का माझ्या आधी उठून उभी राहिली होती.